अंगातले वारे आणि अंगाखालची गादी

डहाणूच्या महालक्ष्मीची यात्रा चैत्री पौर्णिमेस सुरू होते आणि पंधरवडाभर चालते. एरवी मुंबई-अहमदाबादच्या मालमोटारींची मिरासदारी असलेला चारोटी-विवळवेढ्याचा महामार्ग त्या पंधरवड्यात वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडी अशा जमातींच्या पायी चालणाऱ्या माणसांच्या ताब्यात येतो. ह्याच दिवसांत बोर्डीस, सुरूच्या बनालगतच्या एका जुन्या घराच्या ओटीवर जे संभाषण मी ऐकले, ते पुढे माझ्या शब्दांत मांडले आहे. बोलणारे दोघे होते. एक, महसूल खात्यात कारकुनापासून चढत चढत मामलेदारीपर्यंत पोहोचून निवृत्त झालेले वृद्ध गृहस्थ. त्यांच्या नोकरीची बरीच वर्षे डहाणू-तलासरीच्या दप्तरात गेली, आणि तरुणपणीच त्यांनी एका परंपरेचा अनुग्रह घेतला होता. दुसऱ्या, त्यांच्या दिवंगत स्नेह्याची कन्या, ठाण्यास मनोविकारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर. नावांचे प्रयोजन नाही. त्या ह्यांना नानाकाका म्हणतात, आणि हे त्यांना बाई म्हणतात, कारण लहानपणी अंगाखांद्यावर खेळविलेल्या मुलीस एकेरीत बाई म्हणण्याचा अधिकार त्यांनी अद्याप सोडलेला नाही.

वादास निमित्त झाले ते तलासरीजवळ महामार्गालगत टांगलेल्या एका फलकाचे. कोणी एक महाराज मंद स्मित करीत त्यावरून रहदारीकडे पाहत होते, आणि त्यांच्या उगारलेल्या तळहाताखाली नैराश्य, भय व अनिद्रा यांपासून कायमची मुक्ती देणाऱ्या शिबिराची तारीख, स्थळ आणि देणगीमूल्य ठळक अक्षरांत छापलेले होते. डॉक्टर त्याच वाटेने आल्या होत्या. चहाची कपबशी हाती घेण्यापूर्वीच त्यांनी विषयास तोंड फोडले.

डॉक्टर : नानाकाका, त्या फलकावरचे आश्वासन उद्या मी माझ्या दवाखान्याच्या दारावर लावले, तर वैद्यक परिषद माझ्याकडे लेखी खुलासा मागेल, आणि तो मागणे रास्तच ठरेल, कारण ‘कायमची मुक्ती’ हे शब्द माझ्या व्यवसायातला कोणीही प्रामाणिक मनुष्य उच्चारीत नाही. मग जी जबाबदारी आयुष्याची उमेदीची वर्षे शिकण्यात घालविणाऱ्यावर आहे, ती न शिकता आसनस्थ झालेल्यावर का नसावी?

नानाकाका : कारण, बाई, तो मनुष्य तुझ्या शास्त्राची सनद मागावयास आलेलाच नाही. मेंदूच्या व्यापारावर तुम्ही मंडळी वहिवाट सांगता ती खुशाल सांगा. परंतु माणसाच्या दुःखात काही अंश असा असतो की, त्याची नोंद तुमच्या कोणत्याही नमुन्यात होत नाही. सात-बाराच्या उताऱ्यावर पीक लिहिता येते, क्षेत्र लिहिता येते, बोजा लिहिता येतो. पाऊस लिहिता येत नाही. आणि तुमच्या हाती संपूर्ण मुखत्यारी दिली, तर तुम्ही आळंदीच्या संजीवन समाधीवर आत्महत्येचा पंचनामा कराल आणि तुकोबांच्या वैराग्यावर नैराश्याचे निदान लिहून मोकळ्या व्हाल!

डॉक्टर : तसे लिहिणारा विद्यार्थी माझ्या हाताखाली नापास होईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून अमलात आली आहे. तीत संचाराच्या विकाराची व्याख्या करतानाच अशी अट घातली आहे की, तो संचार समाजाने मान्य केलेल्या धार्मिक किंवा सांस्कृतिक आचाराचा भाग असेल, तर त्यास विकार म्हणू नये. वाघबारशीला इथल्या एखाद्या भगताच्या अंगात वारे आले, तर मी त्याला गोळी लिहून देणार नाही. ज्याचे वारे अवेळी येते, ज्याला ते नकोसे होते, ज्याची झोप, भूक आणि कामधंदा त्यापायी बुडतो, तो माझा रुग्ण. बाकीच्यांशी माझे भांडण नाही.

नानाकाका : तर मग भगतालाच साक्षीस बोलावू. वारल्यांचे भगत मी जवळून पाहिले आहेत. दिवसा तो भाताच्या खाचरात किंवा कोणाच्या चिकूच्या वाडीत मजुरीस असतो. कोणी आजारी पडले की सुपात तांदळाचे दाणे घेऊन तो कारण पाहतो, कणसरीच्या पूजेस घांगळी वाजवीत रात्र रात्र कथा गातो, आणि वारे आले म्हणजे त्याचे अंग थरथरू लागते, आवाज पालटतो, गावचा पाटीलसुद्धा त्याच्यापुढे हात जोडून उभा राहतो; कारण त्या घटकेस तो भगत नसतो, हिरवा देव असतो, वाघदेव असतो. परंतु वारे उतरते! उतरल्यावर तो घाम पुसतो, पाणी मागतो, आणि सकाळी त्याच पाटलाच्या बांधावर कुदळ घेऊन हजर होतो. आपल्या महालक्ष्मीची कथादेखील उतरण्याचीच आहे. मुसळ्या डोंगरावर दर्शनास चढणारी एक गरोदर भक्तीण वाटेत मूर्च्छित झाली, तेव्हा देवीने तिला सांगितले की, तू वर येऊ नकोस, मीच खाली येते. म्हणून विवळवेढ्याचे देऊळ पायथ्याशी आहे. पौर्णिमेच्या मध्यरात्री शिखरावर ध्वज लावणारा पुजारीही तेथे मुक्काम करीत नाही. असे असता तू सगळ्या अध्यात्मालाच अहंकाराच्या रकान्यात कशी घालतेस?

आपण नेमकी कोणाविरुद्ध साक्ष देत आहो, याचे भान नानाकाकांना ह्या भाषणाच्या भरात राहिले नसावे. डॉक्टरांना ते राहिले होते.

डॉक्टर : नाही घालीत, उलट माझे अर्धे काम तुम्हीच केले. भगताचे वारे उतरते. फलकावरचे महाराज केव्हा उतरतात? पहाटे काकड आरतीपासून रात्रीच्या शेजारतीपर्यंत ते देवच असतात. जेवतात तो प्रसाद, हसतात ती कृपा, रागावतात ती परीक्षा. त्यांना ताप आला, तर कोणा भक्ताचा भोग त्यांनी अंगावर घेतला असे समजले जाते. रात्र रात्र झोप आली नाही, तर योगनिद्रा म्हणतात. आणि ती निद्रानाशाची अवस्था वाढत जाऊन ते अहोरात्र बोलू लागले, एका दिवसात तीन नव्या संस्थांच्या कोनशिला बसवू लागले, देणग्यांचे पैसे मुठी मुठींनी वाटू लागले, तर सामान्य घरात ज्या लक्षणांवरून बायको नवऱ्याला ओढीत माझ्याकडे आणते, त्याच लक्षणांवरून तेथे शिष्यांची संख्या दुणावते. ह्या मनुष्याच्या अहंकाराबद्दल सगळे जग बोलते. त्याच्या आजाराबद्दल कोणीच बोलत नाही, आणि मला खरी दया येते ती तेथे. त्याला निराश होण्याची मुभा नाही. ज्याने हजारोंना भयमुक्तीची दीक्षा दिली, तो पहाटे तीन वाजता छातीत धडधडते म्हणून कोणाला उठवणार? शिष्याला उठविले तर शिष्याची श्रद्धा जाईल. मित्र त्याला उरलेला नाही.

नानाकाका : तू एखाद्या विशिष्ट व्यक्तीबद्दल बोलते आहेस काय?

डॉक्टर : रुग्णांबद्दल मी ओटीवर बोलत नाही. पण ज्याने आपले वर्तमान आपणच छापून ठेवले, त्याच्याबद्दल बोलता येईल. गणेशपुरी काही फार लांब नाही. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत डहाणू, तलासरी आणि गणेशपुरी एकाच ठाणे जिल्ह्यात होती. तेथल्या नित्यानंदांकडून स्वामी मुक्तानंदांना १५ ऑगस्ट १९४७ रोजी दीक्षा मिळाली, आणि नंतर सुकी येथील झोपडीत साधना करताना त्यांच्यावर जे गुदरले, ते त्यांनी ‘चित्शक्तिविलास’ या आत्मवृत्तात निःसंकोच लिहिले आहे: सारे जग पेटल्याचे भास, शरीरावरचा ताबा सुटणे, आणि आपण वेडे होत आहोत अशी प्राणांतिक भीती. पुढे एका ग्रंथात त्यांना ह्या अवस्थांचे वर्णन सापडले, आणि हा रोग नसून कुंडलिनीचा क्रम आहे अशी त्यांची खात्री पटल्यावर ती भीती मावळली. मी त्या पानांना दंभ म्हणत नाही. एवढ्या प्रांजळपणे आपली भीती लिहिणारे माझ्या दवाखान्यातही थोडे. पण पुढचा भाग पाहा. तोच पुरुष अमेरिकेपर्यंत गेला, हजारोंचा गुरू झाला, आणि १९८२ च्या ऑक्टोबरात निधन पावल्यावर, पुढच्याच वर्षी, एका अमेरिकन नियतकालिकात त्यांच्या कित्येक माजी शिष्यांनी स्त्रियांशी गैरवर्तन, धाकदपटशा आणि पैशाचा अपहार ह्यांबद्दल गंभीर आरोप केले.

नानाकाका : आरोप, निवाडा नव्हे. मी फौजदारी कामे चालविलेला मनुष्य आहे. आरोपी हयात नसता केलेल्या फिर्यादीस मी शिक्षेचा आधार मानणार नाही.

डॉक्टर : मीही मानीत नाही. माझा प्रश्न शिक्षेचा नाहीच, व्यवस्थेचा आहे. हयात असताना ती फिर्याद कोणापुढे दाखल झाली असती? झोपडीत भीती वाटली तेव्हा ह्या साधकाच्या डोक्यावर नित्यानंद होते. १९६१ साली नित्यानंदांनी देह ठेवल्यावर ‘मुक्तानंदा, हे बरे नव्हे’ असे म्हणू शकणारा मनुष्य जगात कोण राहिला? ॲन्थनी स्टॉर नावाच्या इंग्रज मनोविकारतज्ज्ञाने १९९६ साली अनेक गुरूंच्या चरित्रांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या पुष्कळांच्या आयुष्यात आधी दीर्घ मानसिक यातना, मग एकाएकी झालेला प्रकाश, आणि त्यानंतर आपल्याला सर्वांसाठी सत्य गवसले अशी अढळ खात्री, असा क्रम त्यास आढळला. आणि आणखी एक गोष्ट आढळली की, ह्या माणसांना शिष्य पुष्कळ होते, बरोबरीचे मित्र जवळजवळ नव्हते.

येथे नानाकाका काही वेळ गप्प बसले. मग त्यांनी शास्त्राधार काढले, आणि मला वाटते, त्यांच्या भात्यातले उत्तम बाण तेच होते.

नानाकाका : इंग्रजाने सांगितले ते आमच्याकडे पूर्वीच सांगून झाले आहे. पतंजलींनी अस्मितेची गणना क्लेशांत केली. सिद्धी हे समाधीतले विघ्न होय असे बजावले. आणि साधकाला स्वर्गस्थ देवता आमंत्रण देतात त्या वेळी त्याने आसक्ती तर धरू नयेच, पण ‘पाहा, मला बोलावणे आले’ असा गर्वही करू नये, असा इशारा तिसऱ्या पादात देऊन ठेवला. चरकाने उन्मादनिदानात देव, ऋषी, गंधर्व, पिशाच यांच्यामुळे होणारा उन्माद मानला, परंतु त्याच अध्यायात असेही सांगितले की, देवांना बोल लावू नका, मूळ दोष प्रज्ञापराधाचा, म्हणजे स्वतःच्याच बुद्धीच्या अपराधाचा. समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरूची लक्षणे सांगून लगेच पुढच्या समासात शिष्याची सांगितली. आणि गोरोबांनी संतांच्या मेळ्यात प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके कच्चे ते पाहिले, तेव्हा कच्चे ठरले कोण? प्रत्यक्ष विठ्ठल ज्याच्या हातचे जेवला ते नामदेव! मग त्यांना औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे जावे लागले. ह्याहून कडक तपासणी तुझ्या कोणत्या विद्यापीठात होते?

डॉक्टर : कोठेच नाही, म्हणूनच मला ती कथा प्रिय आहे. पण कथेत तीन गोष्टी होत्या, आणि तिन्ही आज नाहीत. मेळा बरोबरीच्यांचा होता. थापटणे मारणारा मनुष्य रोज मडकी घडवून पोट भरणारा होता, त्याला नामदेवांकडून काही मिळवावयाचे नव्हते. आणि नामदेव रुसले, तरी अखेर गेले. आजच्या महाराजांच्या डोक्याला हात लावण्याचा अधिकार हार घालणाऱ्यालाच असतो.

नानाकाका : सगळेच तसे नसतात. साकोरीच्या उपासनी महाराजांनी १९२२ च्या अखेरीस स्वतःला बांबूच्या पिंजऱ्यात कोंडून घेतले आणि वर्षाहून अधिक काळ ते आत राहिले. हे तर गादी सोडून उतरणेच की नाही?

डॉक्टर : आणि भक्तांनी पिंजऱ्याभोवती पूजाअर्चा चालू ठेवली! उतरू पाहणाऱ्याला खालून वर ढकलणारे हात असे असतात. त्यांचेच शिष्य मेहेरबाबा. त्यांचे एक काम मात्र माझ्या मनात घर करून आहे. १९३६ साली त्यांनी राहुरीस वेड्यांसाठी आश्रम काढला. रस्त्यावरची, घरच्यांनी टाकलेली माणसे आणून त्यांना ते स्वतःच्या हातांनी आंघोळ घालीत. भ्रमिष्ट कोण आणि ईश्वरी नशेत बुडालेला मस्त कोण, हा भेद ते करू पाहत होते, आणि विल्यम डॉन्किन नावाच्या त्यांच्या इंग्रज डॉक्टर-शिष्याने मस्तांच्या शोधातल्या त्या भटकंतीची तपशीलवार नोंद करून १९४८ साली ग्रंथ छापला. तो भेद मला पूर्णपणे पटतो असे नाही. परंतु वेड्याला तीर्थ किंवा भूतबाधा न समजता त्याचे अंग धुणारा गुरू आणि भूतबाधा म्हणून त्याला साखळी घालणारा गुरू, ह्यांत मला जो फरक दिसतो, त्यासाठी मला कोणत्याही सिद्धांताची गरज लागत नाही.

बोलता बोलता विषय गुरूंवरून शिष्यांवर आला, आणि येथे, माझ्या मते, दोघांची मते जितकी जवळ आली तितकी दिवसभरात आली नाहीत. तरीही ती एकमेकांकडे पाठ करूनच जवळ आली.

नानाकाका : तू गुरूची कीव करतेस ते ठीक, पण गुन्ह्यातला अर्धा वाटा शिष्याचा असतो. मी शरण गेलो, माझा अहंकार गेला, असे तो म्हणतो. गेलेला काही नसतो, तो त्याने गुरूच्या नावे खातेफोड करून ठेवलेला असतो. ‘माझे महाराज सर्वश्रेष्ठ’ ह्या वाक्यातला पहिला शब्द पाहा. पहिल्या रांगेत बसण्यासाठी, पादुका उचलण्यासाठी, महाराजांच्या मोटारीत पुढच्या आसनावर बसण्यासाठी जी चढाओढ चालते, तिच्यापुढे आमच्या कचेरीतली अव्वल कारकुनीची चढाओढ म्हणजे सात्त्विक प्रकार!

डॉक्टर : रजनीशांचे उदाहरण तुमच्या बाजूचेच आहे. १९७४ साली पुण्यास कोरेगाव पार्कात आश्रम थाटला, १९८१ साली सारा लवाजमा अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये गेला, आणि तेथे गेल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ रजनीशांनी जाहीर प्रवचने बंद ठेवून मौन धरले. गुरू मौनात, आणि कारभार शिष्यांकडे! त्याच काळात, १९८४ साली, स्थानिक निवडणुकीत आपली सरशी व्हावी म्हणून कारभाऱ्यांतल्या काहींनी उपाहारगृहांतल्या कोशिंबिरींत जंतू मिसळले आणि ७५१ माणसे आजारी पडली. आपल्याला काही ठाऊक नव्हते, असे रजनीशांचे म्हणणे. ते खरे मानले, तरी ज्यांना अहंकाराचे विसर्जन शिकविले होते, त्यांनीच गावाच्या अन्नात विष कालविले, ही गोष्ट उरतेच. माझ्याकडे येणारे शिष्य मात्र असले पराक्रमी नसतात. तारापूर-वापीच्या कारखान्यांत पाळ्या करणारा मुलगा, मूल दगावल्यानंतर न सावरलेली बाई. शिबिरात चार दिवस बरे वाटते, कारण तेथे कोणी तरी विचारपूस करतो, सोबत असते, वेळेवर जेवण असते. पाचव्या दिवशी तेच दुःख परत येते, आणि आता त्यावर एक नवा बोजा चढतो: ‘तुझी श्रद्धा कमी पडली.’ आधी ती बाई फक्त दुःखी होती. आता ती अपराधीही झाली. कोणी गोळ्या बंद करावयास सांगितलेले असते, आणि लिथियम एकाएकी सोडलेला मनुष्य किती खोल जातो, ते सांगणाऱ्याला बघावे लागत नाही.

नानाकाका : म्हणूनच मी म्हणतो, गाव हवा. भगत चुकला तर गाव दुसऱ्या भगताकडे जाते. शहरातल्या महाराजाभोवती गाव नाही, गर्दी आहे.

डॉक्टर : गाव! नानाकाका, तुमच्या गावाने आणि तुमच्या भगताने मिळून किती बायकांना भुताळी ठरविले, ते तुमच्या दप्तरात असेल. मूल मेले, गुरे मेली, की सुपातल्या दाण्यांतून एखादीचे नाव निघे, बहुधा विधवेचे, बहुधा जिच्या वाट्याला थोडी जमीन आहे अशीचे. आणि मग तिला मारहाण, गावबंदी, कधी त्याहून वाईट. तेथे वारे उतरण्याची कोणी वाट पाहिली नाही.

नानाकाकांनी कपबशी खाली ठेवली. ह्या मुद्द्यावर ते प्रतिवाद करतील अशी माझी अपेक्षा होती; त्यांनी तो केला नाही. उलट त्यांनी स्वतःच्याच पक्षाविरुद्ध आणखी पुरावा पुढे केला, आणि हा मामलेदारी स्वभावाचा गुण मला नेहमीच मोठा वाटत आला आहे.

नानाकाका : खरे आहे. आणि आणखी एक खरे सांगतो. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या दिवसांत, ह्याच डहाणू तालुक्यातल्या गडचिंचल्यास, एका महंतांच्या अंत्यविधीसाठी सुरतेस निघालेले दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक ह्यांना जमावाने पोलिसांच्या देखत ठार मारले. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, एवढी अफवा पुरली. भगवी वस्त्रे त्यांना वाचवू शकली नाहीत. पुष्कळांनी त्या घटनेला नाना रंग दिले. मला तीत एकच दिसले, की भयाचे वारे साऱ्या गावाच्या अंगात आले तर ते उतरविणारा कोणी नसतो. ह्याच्या उलट बाजूचे उदाहरण माझ्या जन्माआधीचे आहे. १९४५ सालच्या मे महिन्यात तलासरीजवळ झरी येथे वारल्यांची सभा झाली आणि वेठबिगार न करण्याचे ठरले. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे पुढारी. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्यास गोदुताई येणार असा खोटा निरोप फिरला, हजारो लोक जमले, पोलिसांनी गोळीबार केला, आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मेले. लोक तिला गोदाराणी म्हणत. तिच्या नावाच्या निव्वळ निरोपावर माणसे मरणाच्या तोंडी उभी राहिली, बाई. कोणत्या महाराजाला ह्याहून मोठी गादी मिळाली?

डॉक्टर : आणि तिने ती गादी घेतली?

नानाकाका : तिने १९७० साली पुस्तक लिहिले, ‘जेव्हा माणूस जागा होतो’. त्यात जागा होणारा माणूस वारली आहे, लेखिका नव्हे. तिच्या पक्षाशी माझे कधीच जमले नाही, आणि नोकरीमुळे जमवून घेण्याची सोयही नव्हती. पण एवढे मान्य केले पाहिजे की, तिच्यावर पक्षाची समिती होती, ठराव होते, टीका होती. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांचेही तसेच. बोर्डीतच १९४५ साली त्यांची बालवाडी निघाली, १९५७ साली ती कोसबाडास गेली. मुले गुरे राखावयास जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात गेली. पायाशी बसणारे त्यांनाही पुष्कळ मिळाले असते; पण गुरांमागे फिरणाऱ्या पोरांना पायाशी बसावयास सवड कोठली?

डॉक्टर : तुम्हांला आवडेल असा एक पुरावा माझ्याकडेही आहे. २००२ साली रघुराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तमिळनाडूतल्या मुथुस्वामींच्या एका मंदिराचा अभ्यास छापला. तेथे राहावयास आलेल्या ३१ मनोरुग्णांची लक्षणे त्यांनी मापपट्टीवर मोजली. सरासरी सहा आठवड्यांच्या मुक्कामानंतर ती सुमारे वीस टक्क्यांनी उतरली होती, आणि तेथे औषध दिले जात नव्हते. मात्र तेथे कोणी महाराज नव्हते. उपचाराची शक्ती कोणा पुरुषाची नव्हे, स्थळाची मानली जात असे. सोबत नातेवाईक असे, थोडे झाडलोटीचे काम असे, सक्ती नसे. त्याच तमिळनाडूत एरवाडीला, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी आश्रमात, ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, आणि साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण जागच्या जागी जळाले. दोन्ही ठिकाणी श्रद्धा होती. म्हणून श्रद्धा आहे की नाही, हे मी विचारीतच नाही. साखळी आहे काय आणि दार उघडे आहे काय, एवढेच विचारते. शेजारी गुजरातेत उनावा येथे मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून दवा आणि दुवा एकत्र देण्याचा उपक्रम चालतो. मुजावर स्वतःच रुग्णाला डॉक्टरकडे पाठवितो. इथल्या भगताने आणि महाराजाने तेवढे केले, तर मी सकाळी गोळी देईन आणि संध्याकाळी खुशाल दाणे पाहू देईन.

नानाकाका : आणि न केले तर कायदा आहेच. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाल्यावर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत भूत काढण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा गुन्हा आहे. त्या अनुसूचीतली शेवटची, बारावी बाब फार थोड्यांनी वाचली असेल. मतिमंद माणसाच्या अंगी अलौकिक शक्ती आहे असे भासवून त्याचा धंद्यासाठी उपयोग करणे, हाही गुन्हा! म्हणजे ज्याला स्वतःचे हित कळत नाही अशा जिवालाही आपण गादीवर बसवितो, हे खुद्द विधिमंडळाने कागदावर मान्य केले आहे. ट्रस्टांच्या हिशेबांवर तर १९५० पासून धर्मादाय आयुक्तांची देखरेख आहे.

डॉक्टर : हिशेबांवर. मनावर कोणाची? माझ्यावर आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळी घालणे मना केले, आणि मी एखाद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल केले, तर पुनर्विलोकन मंडळापुढे त्याला माझ्याविरुद्ध अर्ज करता येतो. तो अर्ज वाचताना मला राग येतो, हे कबूल करते. खुर्चीचा गर्व डॉक्टरांना काय कमी असतो? ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ चे. त्या शंभरांहून अधिक वर्षांत तेथे भिंतीआड कोणाचे काय ऐकले गेले नाही, ते आम्हीच जाणतो. पण आज अर्ज करता येतो. तुकोबांनाही घरात आवली होती. देवाच्या नादात संसाराचे काय होते आहे, हे त्यांना तोंडावर सुनावणारी. आश्रमात आवलीला प्रवेश नसतो. तुमच्या गुरूंना कोणी बोलत असे काय, नानाकाका?

नानाकाका : आमच्या गुरूंचे निरूपण लांबले की गुरुपत्नी आतून पातेल्याचे झाकण आपटीत असत. महाराज अध्याय अर्ध्यात सोडून हात धुवावयास उठत. एकदाही रागावल्याचे स्मरत नाही. पण त्यांच्या माघारी जे गादीवर आले ते ब्रह्मचारी आहेत, आणि स्वयंपाकाला आता आचारी आहेत.

डॉक्टर : आणि तुम्हांला? मामलेदार म्हणजे तालुक्याचा महाराजच की.

नानाकाका : माझ्या प्रत्येक निकालावर प्रांतसाहेबांकडे अपील होत असे, बाई. ते मंजूर झाल्याचा कागद आला की दोन दिवस जेवण गोड लागत नसे. पण तिसऱ्या दिवशी त्याच पक्षकारांसमोर, त्याच खुर्चीवर, कचेरीत जाऊन बसावेच लागे.